खुळखुळणारा व्हॉल्व्ह

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते. शनिवारी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. आठच्या ठोक्याला हॉस्पिटलात पोचायचंय. मेहुणा टेम्पो आणतो म्हणाला होता. मी ठणकावलं, माझी कार असताना आई टेम्पोत बसणार नाहीत. मेहुणा मेकॅनिक आहे, म्हणून तर त्याला विचारायचा प्रश्नच येत नाही.
संकल्प: आधी निदान, मगच नवीन पार्ट. लोक उगाच पार्ट बदलत सुटतात. किळस येते.

सोमवार. सायंकाळी ६.
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पीसीव्ही व्हॉल्व्ह! अंगठ्याएवढी वस्तू, इंजिनातली वाफ परत आत ओढून घेते. काढून हलवून बघा म्हणाला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, पुढचं राहिलं. राहू दे. पुढचं उघडच आहे.
बायकोनं बॉनेटशी कान नेला. म्हणे या रबरी पाइपातून फुस्स येतंय. तिला आत जायला सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च.
व्हॉल्व्ह काढला, हलवला. आत खुळखुळ! म्हणजे आतून तुटलाय. दहा मिनिटांत निदान. मेहुण्यानं दिवस घालवला असता. व्हॉल्व्ह कचऱ्यात.
बायकोनं विचारलं, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला का. या घरात माझ्यावर कुणाचा विश्वास म्हणून नाही.

बुधवार, ६ मार्च.
नवा व्हॉल्व्ह घेतला. काउंटरवरच हलवला. खुळखुळ. बदलून मागितला. तोही खुळखुळतो! तिसरा, चौथा, अख्खा खोका. दुकानदार म्हणतो, साहेब, तो खुळखुळायलाच पाहिजे. निर्लज्जपणाची हद्द झाली. तुटका माल विकायचा आणि वर शिकवायचं. शी!

गुरुवार, ७ मार्च.
आणखी चार दुकानं. सगळीकडे खुळखुळेच. पाळण्यावर टांगा म्हणावं.
शेवटी भंगारवाल्याकडे एक सापडला. कानाशी धरून जीव खाऊन हलवला. जराही आवाज नाही. फुंकून पाहिलं, हवासुद्धा जात नाही. याला म्हणतात पक्कं काम! भंगारवाला म्हणाला, असाच घेऊन जा. त्याला बिचाऱ्याला किंमत कळत नाही.

शुक्रवार, ८ मार्च.
बसवला. थरथर आहे अजून. रुळायला वेळ लागणारच. इंजिनच्या कडेनं ऑइल पाझरतंय. जुनी घाण निघतेय, चांगलं लक्षण.
बायको म्हणाली, दादाला विचारते. म्हटलं, विचारलंस तर जेवणार नाही. विचारलं नाही. जेवलो.

शनिवार, ९ मार्च. सकाळी ७.४०.
चौकात गाडी बंद. बॉनेटखालून निळा धूर, रस्त्यावर ऑइल. मागे सासूबाई मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या. आजची वेळ चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. मागचा स्कूटरवाला काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.
बायकोनं मला न विचारता भावाला फोन केला.

सायंकाळी ५.
वेळेवर पोचलो. त्या दोघी टेम्पोत पुढे, मी मागे ऑइलच्या डब्यांत. ऑपरेशन नीट झालं.
मेहुण्यानं गाडी ओढून आणली. माझा व्हॉल्व्ह काढून हलवला.
"दाजी, हा मेलाय. आतली पिन हललीच पाहिजे, म्हणून तर वाजतो."
हसला असता तरी बरं वाटलं असतं. मग रबरी पाइप दाखवला. फाटलेला. तोच, फुस्सवाला. मूळचा व्हॉल्व्ह बायकोनं कचऱ्यातून काढून, पुसून ठेवला होता. तिनं तो मेहुण्याच्या हातावर ठेवला. खुळखुळ. तो लावला, पाइप बदलला, गाडी सुरळीत. स्वतःची किळस आली.
तरी नोंद करतो: बिघाड व्हॉल्व्हच्या शेजारीच निघाला. म्हणजे मी फक्त चार बोटांनी चुकलो.
हे सासूबाईंना समजावून सांगायला गेलो. एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्यानं त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
"दोन महिन्यांनी हा डोळा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही त्रास घेऊ नका. मला टेम्पो आवडला."