शटरच्या डोळ्याला कुंकू

आबा, तुमच्या बायकोला उंबऱ्यावरून उठवायचं कसं, एवढंच विचारायचं आहे. बाकी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. ती मी पाळत नाही, कारण बाकीही फारसं ठीक नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की खोटं लिहून कुणाची तब्येत सांभाळायची हा प्रश्नच उरलेला नाही. वरकुट्याचं घर बंद केल्यापासून आई माझ्याकडे बारामतीत आहे. आधी ती गावं विसरली, मग वर्षं, मग माणसं. डॉक्टर भले आहेत, स्पष्ट बोलतात. ही वाट उताराचीच आहे, तुम्ही फक्त सोबत चाला, म्हणाले. मला ती अधूनमधून ओळखते. एरवी मी 'बाई' असते, आणि स्वयंपाकाला बरी आहे असं तिचं मत आहे. हयातभर माझ्या भाकरीला नावं ठेवणाऱ्या बाईकडून एवढं मिळालं, हेही काही कमी नाही.

आमच्या बंगल्याला उंबरा नाही. आर्किटेक्टने दारातून फरशी सरळ सपाट आत नेली. आजकाल असंच असतं म्हणे. उंबऱ्यासारखं काही असेल तर ते गाडीच्या खोलीला. तिथे मोटरचं शटर आहे. बटण दाबलं की आपोआप वर जातं, आपोआप खाली येतं, आणि ते जिथे टेकतं तिथे काळ्या दगडाची पट्टी बसवली आहे. आईने घरभर हिंडून हाच उंबरा ठरवला. रोज सकाळी तिथे रांगोळीची रेघ, हळद, कुंकू. संध्याकाळी तिथेच, खांबाला टेकून, तुम्ही केलेल्या बाभळीच्या पाटावर बसून राहते. तुमची वाट बघते. इंदापूरच्या बाजारात डाळिंबं घालून तुम्ही फटफटीवरून परत यायचात, ती वेळ तिच्या अंगात अजून शाबूत आहे. तुम्ही गेलात तेवढं मात्र पुसलं गेलंय.

गंमत बघा. मी शाळेत असताना दिवेलागणीला उंबऱ्यावर बसून संस्कृतचं पाठांतर करायचे, ते तुम्हाला आठवत असेल. अशाच एका दिवशी तुम्ही फटफटी अंगणात लावता, रिकामी खोकी खाली घेता आणि माझ्यासमोर उभे राहता.

"ऊठ तितनं. लक्ष्मी यायच्या येळंला वाट आडवून बसलीस."

मी म्हणते, उंबऱ्याला संस्कृतात देहली म्हणतात.

"मंग तुझ्या देहलीवर तरी माणसाला पाय ठिवू देतेस का न्हाय?"

आतून आई ओरडते, "आवो, तिला उठवा आदी, मंग हसा." उंबऱ्यावर बसण्याविरुद्ध सगळ्यांत कडक तीच होती. आता तिला हे सांगावं, तर ती माझ्याकडे अशी बघते की मी दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल बोलते आहे.

तर या शटरला डोळे आहेत. पट्टीच्या दोन्ही टोकांना, घोट्याच्या उंचीवर, एकेक लहानसा डोळा. एकातून दुसऱ्याकडे न दिसणारा किरण जातो. मध्ये मांजर आलं, कुणाचा पाय आला, तर किरण तुटतो आणि शटर खाली येत नाही, येत असलं तर माघारी फिरतं. त्या डोळ्यांशी बारीक दिवा लुकलुकतो. उंबऱ्याच्या दोन्ही अंगाला दिवे म्हटल्यावर आईने त्यांनाही कुंकू लावलं. रोज, मधल्या बोटाने, नीट गोल दाबून. शटर बंद होईना. सणसरचा मेकॅनिक आला, त्याने उकिडवं बसून पाहिलं आणि हसू दाबलं. "ताई, डोळं कुकवानं भरल्यात. आंधळं झालंय त्ये." कंबरदुखीमुळे मोटर बसवून घेतलेले तुमचे जावई वैतागले होते. ते म्हणाले, हे डोळेच काढून टाका. मेकॅनिकने आढेवेढे घेतले, मग वायरी परस्पर जोडून दिल्या. धुळीने शटर मध्येच अडतं म्हणून मोटरचा जोरही वाढवला. जाताना म्हणाला, "आता खाली कोन हाय ह्ये ज्याचं त्यानं बघायचं." ज्याने-त्याने बघायचं म्हटलं की घरात कोण बघतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एका संध्याकाळी जावयांनी कोपऱ्यावर हॉर्न वाजवला. आई लगबगीने पाटावरून उठली आणि तांब्या आणायला आत गेली; तुमचे पाय धुवायला पाणी. पाट खांबाशी तसाच पट्टीवर राहिला. गाडी आत आली, जावयांनी मागे न बघता बटण दाबलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहते आहे. शटर येतं, पाटावर टेकतं, आणि थांबत नाही. मोटर कण्हते, पत्रा वाकतो, पाट दगडावर दाबला जातो. आई तांब्या घेऊन परत निघालेली. मी भिंतीवरचं बटण दाबलं तेव्हा कुठे ते थांबलं. तुमची बाभूळ पक्की, पाटाला नुसता ओरखडा आला. आई वाकलेल्या पत्र्याकडे बघून म्हणाली, "आवो, जरा दमानं बसा की."

तुम्ही आलात असं वाटलं म्हणून ती उठली आणि म्हणून वाचली. तुमचे उपकार मानावेत की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी डोळे परत जोडून घेतले, मोटरचा जोर कमी केला. मेकॅनिकने पट्टीवर तोच पाट ठेवून दाखवलं. आता शटर त्याला टेकायच्या आधीच माघारी जात होतं. मग त्याने शटरचे डोळे झाकले आणि भिंतीवरचं बटण दाबून धरून पुन्हा दाखवलं, पाटाला नुसतं शिवलं तरी वर फिरत होतं. शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या पन्हळीत ग्रीस भरू नका, म्हणाला, धूळ चिकटते, नुसती पुसून घ्या. चाकांना आणि स्प्रिंगला तेवढं तेल. स्प्रिंगला हात मात्र कुणी लावायचा नाही. लाईट गेली तर ही तांबडी दोरी ओढा. आणि डोळे आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. सगळं ऐकलं, पाठ केलं. पाठांतर मला जमतं.

दुसऱ्या सकाळी डोळ्यांवर परत कुंकू. मी फडकं घेऊन खाली बसले आणि एक डोळा पुसला. आईने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर अजून आहे हे मला माहीत नव्हतं.

"पुसू नगं. कुकू कुनी पुसतं का? मानूस घरी यायचाय माजा."

तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांनी तिच्या कपाळाचं पुसलं, तेव्हा मी शेजारीच होते. ती तेव्हा गप्प बसली होती. आता तिच्या कपाळावर परत रुपयाएवढं कुंकू असतं, ती स्वतःच लावते. हे दुसऱ्यांदा पुसायचं धैर्य या घरात कुणालाच नाही, जावयांनाही नाही. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि गाडी पुसली.

मग एक रीत पडली. डोळे झाकलेले असले की शटर आपोआप बंद होत नाही. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तरच येतं, बोट काढलं की थांबतं. म्हणजे कुणीतरी तिथे उभं राहून, पूर्ण खाली येईपर्यंत, आपल्या डोळ्यांनी बघत राहायचं. ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी आईला उठवायचं, ती म्हणणार "यायचं हायती अजून", मी म्हणणार "मागच्या दारानं येतील", मग पाट उचलायचा, बोट बटणावर ठेवायचं. एवढ्या यंत्राचं शेवटी एक बाई आणि तिचं बोट झालं. मी कुरकुरायचे. संस्कृत शिकवून घरी यायचं आणि शटर राखायचं, असं येता-जाता सगळ्यांना ऐकवायचे.

आज सकाळी पट्टीवर रांगोळी नव्हती. हळद नाही, कुंकू नाही. डोळे लख्ख. आई उठली, चहा प्यायली, भिंतीकडे बघत बसली. कपाळ कोरं. मला वाटलं विसरली असेल, आठवेल. दुपारी हे बाहेर गेले, जाताना बटण दाबलं, आणि शटर आपोआप खाली आलं. एकदाही अडखळलं नाही. असंच यावं म्हणून मी किती दिवस चडफडत होते.

संध्याकाळी मी शटर उघडलं आणि पाट मांडला. ती आपण होऊन आली नाही. हाताला धरून आणून बसवलं. ती रस्त्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी देवघरातून करंडा आणला, खाली बसले आणि दोन्ही डोळ्यांना कुंकू लावलं. तिच्यासारखं गोल येईना, पसरलं.

"बाई, कुनी यायचं हाय का तुमचं?" तिने विचारलं.

मी व्हय म्हणाले.

तिने सरकून मला पाटावर जागा दिली. बराच वेळ आम्ही दोघी वाट अडवून बसलो. हे पत्र कुठे धाडायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी धाडलं नसतं. एवढंच सांगते, की कोपऱ्यावर हॉर्न वाजला तेव्हा तिच्याआधी मी उठले.