पान ४३ वरील आकृती

कुमासी
गुरुवार, १२ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. आजीचा गुडघा कसा आहे? यंदा कोकोला फुलोरा चांगला धरलाय, असं मामीने निरोपात कळवलंय. मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, ओदुरो मिस्त्रींच्या शिव्या खातो.

फोन का केला नाही, म्हणाल. एक तर माझा फोन मिस्त्रींच्या पेटीत कुलपात आहे. मीच ठेवायला दिलाय. दुसरं, फोनवर तुम्ही ओरडता, मग मी ओरडतो, आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र गावच्या गाडीवाल्याच्या हाती देतोय.

सोमवारी तुम्ही कॉलेजात येऊन बेडियाको सरांना जाब विचारणार आहात, हे कळलं. मामा, तसं करू नका. पुन्हा वर्गात बसायला त्यांचीच सही लागते, आणि सोमवार शेवटचा दिवस आहे. होय, मला परत जायचंय.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो. आमच्यात पाठांतराला ‘चावणं’ म्हणतात आणि पेपरात ते उतरवायला ‘ओतणं’. मी दोन वर्षं चावलं आणि ओतलं. विजेच्या चाचणीत सरांनी प्रश्न फिरवून विचारला. मी चावलेलं उत्तर होतं तसं ओतलं, अगदी ‘पान ४३ वरील आकृती पाहा’ या ओळीसकट. सरांनी ते वर्गात वाचलं. मग माझा पेपर उलटसुलट करून म्हणाले, “फोफी, पेपर तर चार पानांचा आहे. त्रेचाळिसावं कुठे शोधू?”

सगळे हसले. माझ्या पुढच्या बाकावरची अचिया सगळ्यात जास्त हसली. मी बाक ढकलला, सरांना नको ते बोललो आणि निघून आलो.

अचियाबद्दल तुम्हाला मामीने सांगितलंच असेल. तिच्या डोक्यावर वेण्यांच्या अकरा रांगा असतात, हे मला चावावं लागलं नाही. फळ्यावर काय होतं ते विचारू नका.

इथे मिस्त्रींकडे पंपांच्या नि गिरण्यांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं काम आहे. मिस्त्रींना वाचता येत नाही. पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत कॉलेजचं पुस्तक काढून वाचायला लागलो, तर म्हणाले, “वाचू नको. मिटव ते. आता सांग.” मला एक वाक्य सांगता येईना. “कॉलेजात काय करत होतास रे? बाक झिजवत होतास?” समोरचा पाना फेकून मी खोलीवर गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. रोज एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, मिस्त्रींना सांगायचा. अडलो की ते मला ती ओळ दाखवायला लावायचे आणि तिच्यावर निळ्या खडूची रेघ ओढायचे. सुरुवातीला माझं पुस्तक निळंनिळं झालं होतं.

मग एकदा पीठगिरणीची मोटार आली. नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. मिस्त्रींना कारण ठाऊक होतं, तरी मलाच विचारलं. मी म्हणालो, “मिस्त्री, एका उखळात तिघी बायका फुफूसाठी उकडलेले कंद कुटतायत. एकीमागून एक मुसळ पडतंय. त्यातली एक उठून गेली की ताल गेला. तशी इथे तीनपैकी एक तार गेलीय.” मिस्त्रींनी माझं पुस्तक पुढे ओढलं. म्हणाले, “हे कोणत्या पानावर आहे?” कुठल्याच नव्हतं, मामा.

गेल्या शनिवारी अचिया वह्या घेऊन आली. एक गणित समजावलं आणि विचारलं, “कळलं?” दोन वर्षं मी तिच्यासमोर मान डोलवत आलोय. या वेळी म्हणालो, “नाही कळलं. पुन्हा सांग.” तिने तीनदा सांगितलं. हसली नाही. जाताना एवढंच म्हणाली, “परीक्षेपर्यंत बाकीचं काही बोलायचं नाही हं.” मी कबूल केलंय. अवघड आहे, पण केलंय.

आता ते राहिलेलं. सर तुम्हाला उद्देशून म्हणाले, ‘कोको वाळवणाऱ्याच्या घरात वीज कुणाला कळणार,’ असं मी सांगितलं होतं. सर असं काही बोलले नाहीत. ते वाक्य माझं आहे. त्या दिवशी घरी येताना गाडीत जुळवलं. तुम्ही ते ऐकून दोन दिवस जेवला नाहीत, आणि मी समोर बसून जेवलो.

सोमवारी या. पण माफी मागायला या. आपल्याकडे चुकणारा गप्प उभा राहतो आणि त्याच्या वतीने मोठा माणूस बोलतो. तुम्ही बोललात तर सर कदाचित लगेच मानतील. तरी या वेळी तुम्ही गप्प उभे राहा, मामा. मी बोलतो. आजवर दुसऱ्याचेच शब्द बोलत आलो.

काय बोलायचं ते काल लिहून काढलं होतं. आज सकाळी उठलो तर पाठ झालेलं! फाडून टाकलं.

नऊ वाजता फाटकाशी उभा आहे. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी.

तुमचा भाचा,
फोफी