सूनबाईंच्या वर्गातला बसलेला घसा

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
रुग्णालय प्रशासन, पहिला मजला.

विषय : इंग्रजी वर्गाच्या परीक्षेत अर्जदाराचा पहिला क्रमांक आल्याबद्दल त्याची सर्वांसमक्ष तोंडी फेरपरीक्षा घेण्याबाबत.

संदर्भ : सदर वर्गाच्या शिक्षिकांना आपण बजावलेली खुलाशाची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार रुग्णालयाच्या धुलाई विभागात इस्त्रीचे काम पाहतो. यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीला आपली भाषा वाचता येत नाही, म्हणून पाळीचा अहवाल इंग्रजीत लिहावा असा आदेश निघाला. अहवालात कोणी केले यापेक्षा काय केले गेले ते आधी यावे, असेही त्यात होते. त्यासाठी आपण वर्ग सुरू केला आणि शिक्षिका म्हणून जी नेमणूक केली ती नेमकी अर्जदाराच्या सूनबाईंची. यापुढे त्यांचा उल्लेख ‘सदर शिक्षिका’ असा करण्याचा अर्जदाराचा प्रयत्न राहील.

२. पहिल्याच दिवशी सदर शिक्षिकांनी अर्जदारास फळ्यापाशी बोलावले. वर्गात ‘बाबा’ म्हणता येईना, म्हणून त्यांनी ‘मागच्या बाकावरचे काका’ असे म्हटले. ‘मी गरम इस्त्रीने चादरी काळजीपूर्वक दाबल्या’ हे उलट्या बाजूने, म्हणजे चादरींपासून सुरू करून लिहायचे होते. अर्जदाराने लिहिले, ‘द शीट्स वेअर प्रेस्ड विथ मी बाय अ हॉट आयर्न’, आणि ‘केअरफुली’ कुठे बसवावे ते न कळल्याने ते खाली एका कोपऱ्यात लिहून ठेवले. यावर कपडे सुकवण्याच्या यंत्रावर काम करणारे अर्जदाराचे सहकारी, ड्रायरवाले, मोठ्याने म्हणाले, “म्हणजे इस्त्रीनं ह्यांना हातात धरून चादरी दाबल्या की काय?” सगळा वर्ग हसला. सदर शिक्षिकाही हसल्या. लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला, पण अर्जदाराने पाहायचे ते पाहिले होते.

३. त्या दिवसापासून अर्जदाराने घसा बसल्याचे जाहीर केले. गळ्याला मफलर गुंडाळला. प्रश्न आला की मफलरकडे बोट दाखवायचे आणि खाली बसायचे. वर्ग संपेपर्यंत हेच चालले. महोदय, अर्जदाराचा घसा कधीही बसलेला नव्हता. खोकल्याच्या गोळ्यांचे पाकीट त्याने लोकांना दिसावे म्हणून खिशात ठेवले होते. ते न फोडलेले पाकीट पुरावा म्हणून सोबत जोडले आहे.

४. एकाच घरात राहत असल्याने हे सोंग घरीही वठवावे लागले. सूनबाई रोज संध्याकाळी मिठाचे कोमट पाणी करून देत आणि अर्जदार गुळण्या करी. तो पेला हातात घेताना मेल्याहून मेल्यासारखे होई, तरी तो घेतला. अर्जदाराच्या पत्नीने त्यास न्हाणीघरात गुणगुणताना ऐकले होते. ती एवढेच म्हणाली, “जावई रुसलेला पाहिलाय, सासरा रुसलेला पहिल्यांदाच पाहते.” सुनेला मात्र तिने काही सांगितले नाही.

५. आता लेखी परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकाविषयी. सदर शिक्षिका दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता मोठ्याने म्हणून पाहत. काम करणाऱ्या माणसाला ‘बाय’ लावा, हातातल्या वस्तूला ‘विथ’ लावा. ‘केअरफुली’ला ‘वेअर’ आणि ‘प्रेस्ड’ यांच्या मध्ये बसवा, आईबापांच्या मध्ये लेकराला बसवतात तसं. अर्जदार बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवून हे सर्व कान देऊन ऐकत असे. त्यामुळे इतरांनी जो धडा एकदा ऐकला, तो अर्जदाराने दोनदा ऐकला. हा लाभ गैर ठरत असल्यास त्याचा दोष अर्जदाराच्या माथी मारावा. प्रश्नपत्रिका मात्र कधीच घरी आली नाही. ती आपल्याच कपाटात होती.

६. ड्रायरवाले यांनी तक्रार केली की, जो इसम वर्गात एकदाही तोंड उघडत नाही तो पहिला येतोच कसा, तर घरचा म्हणून. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराचे काहीही म्हणणे नाही. ते अर्जदाराचे जुने सोबती आहेत आणि त्यांच्या जागी अर्जदार असता तर त्यानेही हाच अर्थ काढला असता.

७. सूनबाईंची नेमणूक तात्पुरती आहे. खुलासा पटला नाही तर ती संपेल, असे नोटिशीत आहे. हे काम मिळवण्यासाठी तिने किती उंबरठे झिजवले ते अर्जदाराने घरात बसून पाहिले आहे. काल जेवण झाल्यावर ती अर्जदारास म्हणाली, “बाबा, तुमच्या घशाचं डॉक्टरांकडून लिहून आणू या का? तेवढं जोडलं तर साहेबांना पटेल.” तिची सुटका जी चिठ्ठी करणार, ती कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. खरे सांगण्याची वेळ तीच होती. अर्जदाराने नुसती मान डोलावली आणि उठून हात धुवायला गेला. या गोष्टीची अर्जदारास अतिशय लाज वाटते. फळ्यापाशी वाटली होती ती या लाजेपुढे काहीच नव्हे.

८. सबब विनंती की,
(अ) अर्जदाराची तोंडी फेरपरीक्षा संपूर्ण वर्गासमोर घ्यावी. प्रश्न ड्रायरवाल्यांनीच विचारावेत आणि अवघडातले अवघड विचारावेत.
(आ) अर्जदार नापास झाल्यास त्याचे गुण रद्द करावेत, त्यास पुन्हा वर्गात बसवावे, इस्त्रीवरून काढून मळके कपडे मोजायला पाठवावे किंवा आपणास योग्य वाटेल ते करावे. परंतु त्याचा परिणाम सदर शिक्षिकांच्या नेमणुकीवर होऊ देऊ नये.
(इ) परीक्षेच्या वेळी सदर शिक्षिकांना खोलीबाहेर बसवण्याचा नियम असल्याचे कळते. तो कृपया शिथिल करावा. त्यांनी समोर बसावे, आणि अर्जदाराचे चुकले तर मोकळेपणाने हसावे.

आपला, मान वर न होणारा,
अर्जदार
(इस्त्री, धुलाई विभाग)
दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीचा

प्रत माहितीसाठी :
१. ड्रायरवाले, धुलाई विभाग.
२. शिक्षिका, इंग्रजी वर्ग. कार्यालयीन टपालाने पाठवावी. एकाच घरात राहूनही ती हातात देण्याचे धाडस अर्जदारास झालेले नाही.