घरून तोंड धुवून येण्याच्या सूचनेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
नागरी सभागृह कार्यालय.

विषय : तळमजल्यावरील खोलीत बेसिनच्या नळाची तोटी परत बसवण्याबाबत.
संदर्भ : आपले लेखी उत्तर, 'सदस्यांनी घरून तोंड धुवून यावे.'

महोदय,

अंगावर कोड असलेले आम्ही काही जण दर रविवारी आपल्या खोलीत जमतो. आल्या आल्या एकेक जण बेसिनवर तोंड धुतो, डाग झाकणारा रंग उतरवतो आणि मग आम्ही तासभर आहोत तसे बोलत बसतो. एवढाच आमचा कार्यक्रम. शिवणकाम करणाऱ्या आमच्या ताई म्हणायच्या, "आठवड्यात एवढा एकच तास माझ्या तोंडाला वारा लागतो."

रंगाच्या पाण्याने बेसिन तांबूस झाले म्हणून आपल्या शिपायाने तोटी काढून नेली. आम्ही पावडर आणून बेसिन लख्ख घासले, तर शिपायाच्या कामात ढवळाढवळ केल्याबद्दल आपण आम्हाला समज दिली. कोड स्पर्शाने पसरत नाही, असा डॉक्टरांचा दाखला जोडला. त्यात बेसिनचा उल्लेख नसल्याने तो ग्राह्य धरता येत नाही, असे कळवण्यात आले. आपल्या कार्यालयापुढे आम्ही हात टेकले.

महोदय, घरी तोंड धुता आले असते तर आम्ही आपल्या दारी कशाला आलो असतो? ताईंचे डाग माहेरच्यांनी लग्न ठरवताना लपवले आणि ते निस्तरणे ताईंच्या वाट्याला आले. सासरचे उठायच्या आत त्या रंग लावायच्या आणि रंगासकटच झोपायच्या.

तोटी गेल्यावर आम्हीही रंगासकट बसू लागलो. अशी बसलेली माणसे पाण्यापावसाच्या गप्पा मारतात आणि लवकर उठतात. हळूहळू लोक यायचे थांबले, ताईही थांबल्या. डाग आठवड्यात घालवणारा कसलासा लेप त्यांनी पूर्वी एकदा खोलीत आणला होता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी रागावून तो फेकायला लावला होता. या वेळी त्यांनी तो पुन्हा आणून लावला, तेव्हा रागवायला कुणी नव्हते. त्यांचे गाल भाजून निघाले, मानेवर फोड आले. दवाखान्यात त्यांना पाहून मला रडू आवरले नाही. अर्जात असे लिहायची पद्धत नसेल तर क्षमा असावी. आपला रागही आला, तोही लिहून ठेवतो.

आपण सर्व सदस्यांच्या सह्या मागितल्या आहेत आणि नियमानुसार अर्ज सूचनाफलकावर लागणार आहे. बाकीचे घाबरतात, मी त्यांना दोष देत नाही. माझे हात आणि तोंड डागांनी भरलेले आहे, मालकाने मला गल्ल्यावरून उठवून कधीच गोदामात बसवले आहे, तेव्हा माझी सही बिनघोर घ्यावी.

ताईंनी मात्र खाटेवरून हात पुढे केला. "दादा, द्या तो कागद. आता कुणापासून काय लपवायचंय?"

मी कागद दिला नाही. ज्यांना अजून लपवावे लागते, त्यांच्यासाठी तरी तोटी बसवावी, ही विनंती.

आपला नम्र अर्जदार,
(सही)
धान्य दुकानाच्या गोदामातील तोलणारा

दिनांक : रविवार, सभा न झालेला

सोबत : डॉक्टरांचा दाखला, पुन्हा एकदा.