काकूंचा भव्य सत्कार

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची नोंद राहिली पाहिजे.

संध्याकाळी सृष्टीला पाळणाघरातून आणायला गेलो. किंचित उशीर. किंचित म्हणजे, बाकीची पोरं गेलेली होती, एवढंच. काकू पायरीवर सृष्टीला घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, असं रोज चालणार न्हाय. सहा म्हंजे सहा. सहानंतर मला माझं घर हाय की. आता पुन्हा उशीर झाला तर पोरीची सोय दुसरीकडं बघा.

मी हसण्यावारी नेलं. पण घरी आल्यावर प्रियंकाला सांगितलं आणि ती एकदम गंभीर. ती नर्स, तिची ड्यूटी रात्री आठला सुटते. जुळे सोलापुरात आमच्या बाजूला दुसरं पाळणाघर आहे, ते दुपारीच बंद होतं. काकूंनी सृष्टीला काढलं तर मला नोकरी सोडावी लागेल, म्हणाली. तुम्ही बाकी काही करू नका, फक्त वेळेवर जा.

बायकांना प्रश्नाच्या मुळाशी जाता येत नाही. काकू चिडतात का? कारण समाज त्यांची कदर करत नाही. ज्याची कदर होत नाही तो माणूस घड्याळाकडे बघत बसतो. उपाय सोपा आहे. जाहीर सत्कार. हार, चादर, नारळ, मानपत्र, भाषण. ज्यानं आपला सत्कार केला त्याच्या पोरीला कोणी घराबाहेर काढत नाही.

सूत्रसंचालन अर्थात मी करणार. बँकेच्या वर्धापनदिनाला मी माइक हातात घेतला होता, लोक अजून बोलतात.

संकल्प : उद्यापासून सहाच्या आत दारात हजर.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'कृतज्ञता सोहळा समिती'. दोघे लगेच बाहेर पडले. एकीनं विचारलं, हा स्कूल व्हॅनचा ग्रुप का? अध्यक्ष म्हणून मी माझंच नाव सुचवलं. कोणीही विरोध केला नाही. कोणीही काहीच केलं नाही, पण बिनविरोध ते बिनविरोध.

या गडबडीत निघायला उशीर. आसरा चौकात ट्रॅफिक. काकू दारात. खरं तर आजचा उशीर त्यांच्यासाठीच झाला होता, पण सरप्राइज असल्यामुळे सांगता येईना. फार कुचंबणा होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काकूंना काय आवडेल ते खुबीनं काढून घ्यावं म्हणून सहज विचारलं, काकू, समजा तुम्हाला कोणी काही द्यायचं ठरवलं, तर काय द्यावं? काकू म्हणाल्या, काय बी नको. पोरगीला सहाला न्या, लई उपकार होतील.

काय हा साधेपणा! काही नको म्हणतात. आजच्या जगात अशी माणसं राहिली नाहीत. डोळे भरून आले. हा प्रसंग भाषणात घ्यायचा (शेवटचं वाक्य वगळून).

शनिवार, ८ नोव्हेंबर

समितीची पहिली बैठक. हजर : मी आणि इंद्रजीत. इंद्रजीत म्हणजे विहानचा बाप, त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि बैठक त्याच्याच दुकानात असल्यामुळे त्याला हजर राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी म्हटलं, कार्यक्रम कामाच्या एखाद्या दिवशी संध्याकाळी घेऊ. तो म्हणाला, मग तेवढा वेळ पोरं कुणाकडे ठेवायची? दोघेही विचारात पडलो. शेवटी रविवार, २३ तारीख ठरली. रविवारी काकूंना सुट्टी असते, त्यामुळे मोकळ्याच असतील.

सोमवार, १० नोव्हेंबर

अनपेक्षित अडचण. मानपत्राचा मजकूर लिहायला बसलो. 'आदरणीय सौ.' इथपर्यंत पेन सुसाट. पुढे काकूंचं नाव.

नाव काय?

दोन वर्षं सृष्टी तिथे जाते. माझ्या फोनमध्ये 'पाळणाघर काकू'. ग्रुपवर विचारलं. सगळ्यांच्याच फोनमध्ये 'पाळणाघर काकू'. एकाकडे 'काकू क्रेश'. ऑनलाइन फी भरली की नाव त्यांच्या नवऱ्याचं येतं, गुरप्पा. प्रियंकाला विचारायची सोय नाही. तिला माहीत असणार आणि ती मला सुनावणार. काकूंना थेट विचारणं तर शोभतच नाही.

फोटोचंही तेच. ग्रुपवर काकूंचा फोटो मागवला. शेकडो फोटो आले, सगळे पोरांचे. काढलेले सगळे काकूंनी, त्यामुळे एकातही काकू नाहीत. एका फोटोत फक्त हात आहे. हातात चमचा, चमच्यात वरणभात, समोर सृष्टीचा 'आ' केलेला चेहरा.

लोक किती बेपर्वा असतात. इतक्या वर्षांत एकालाही काकूंचा एक फोटो काढावासा वाटला नाही. ग्रुपवर या विषयावर जरा कडक शब्दांत लिहिलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. काकूंनी म्हणे पाळणाघरात पोरांचा फॅन्सी ड्रेस ठेवला होता, पालकांना चारला बोलावलं होतं. मी सोहळ्यासाठी विजापूर रोडचा हॉल बघायला गेलेलो. सृष्टी भुईमुगाची शेंग झाली होती. काकूंनी पोत्याचा ड्रेस शिवलेला. तिचा नंबर आला तरी ती स्टेजवर जाईना, माझे बाबा येऊ देत म्हणून अडून बसली, अशी बातमी इंद्रजीतनं दिली. शेवटी काकूंनी कडेवर घेऊन तिच्याकडून 'मी सोलापूरची शेंग' म्हणवून घेतलं.

वाईट वाटलं. पण मोठ्या कामात घरच्यांना थोडी झळ बसतेच. आणि ग्रुपवर या फोटोंचा असा मारा झाला की माझा वर्गणीचा मेसेज कुठल्या कुठे वर गेला. शिस्त नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फ्लेक्स तयार. वर मोठ्या अक्षरात 'कृतज्ञता सोहळा'. उजवीकडे संकल्पना व निमंत्रक म्हणून माझा फोटो, कोट आणि गॉगलमधला. डावीकडे प्रमुख पाहुणे, म्हणजे आमचे ब्रँच मॅनेजर. मधे सत्कारमूर्ती 'आपल्या सर्वांच्या लाडक्या काकू' आणि खाली तो चमच्याचा हात. नावापेक्षा 'काकू'मध्ये आपुलकी जास्त आहे, हे मला नंतर जाणवलं.

चौकात लावला. पानवाला विचारत होता, नवीन मेस काढली का साहेब?

लोकांची कुवत.

फ्लेक्स सरळ लागेपर्यंत उभं राहावं लागलं. सृष्टीला न्यायला पोचलो तेव्हा काकू काही बोलल्याच नाहीत. नुसतं दप्तर दिलं. राग कमी होतोय, हे निश्चित.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज सरप्राइज फोडावं लागलं. काकूंनी आधीच सुरुवात केली की ह्यो शेवटचा उशीर, आता पुढं मी पोरीला ठेवून घेणार न्हाय. मी लगेच हुकमाचं पान टाकलं. काकू, रविवारी तुमचा भव्य सत्कार आहे.

वाटलं होतं, पदर डोळ्याला लावतील. तर म्हणाल्या, रविवारी मी मंद्रूपला जाते ओ. म्हातारी आई अंथरुणाला खिळली हाय. आठवड्याला एकदा मी जाऊन न्हाऊ घालते, तवाच तिचं डोकं धुतलं जातं.

मी समजावलं. एका रविवारचा तर प्रश्न आहे. हॉल ठरलाय, फ्लेक्स लागलाय, मॅनेजरसाहेब येणार. तासाभराचं काम, बाराच्या बसनं जा की मंद्रूपला. काकूंनी सृष्टीच्या पायात चपला घातल्या. मग म्हणाल्या, बरं. पण बारा म्हंजे बारा.

भारावून गेल्या होत्या. सृष्टीच्या प्रवेशाचा प्रश्न मिटला असं समजायला हरकत नाही. प्रियंकाला तसं सांगितलं. तिनं हात जोडले. कौतुकानं जोडले की कसे, ते नीट कळलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

दिवस उजाडला. कोट इस्त्री. भाषण पाठ. प्रियंकाची आज ड्यूटी असल्यामुळे सृष्टी माझ्याकडे. मुलं सांभाळण्यात अवघड असं काही नसतं, नियोजन लागतं.

रविवार, संध्याकाळ

जे घडलं ते क्रमानं लिहितो. त्यात माझा दोष कुठे आहे हे शोधून सापडत नाही.

अकराचा कार्यक्रम. काकू दहाच्या आधीच नवऱ्याला घेऊन हजर, हातात मंद्रूपची पिशवी. मॅनेजरसाहेब उगवले बाराला. तोवर सगळे पालक पोरांसकट जमलेले. मी माइकवर 'हॅलो, चेक' म्हटलं आणि स्पीकर असा किंचाळला की सगळ्या पोरांनी एकदम भोकाड पसरलं. मग सुरू झालं, काकू, जरा बघा की. काकू, याला घ्या की. काकू, हिला शू लागली. काकूंनी सगळी फौज मागच्या खोलीत नेली आणि दोन मिनिटांत शांतता. मी माइकवरून सर्वांना मोबाईल सायलेंटवर ठेवण्याची विनंती केली, स्वतःचाही ठेवला, आणि प्रास्ताविक सुरू केलं.

प्रास्ताविक रंगलं. थोडं लांबलं असेल. नाव पुकारायची वेळ आली तेव्हा मी 'आपल्या सर्वांच्या' म्हणून अडकलो, तर मागून गुरप्पा ओरडले, नीलम्मा! टाळ्या पडल्या. पण नीलम्मा कुठे? मागच्या खोलीत, दोन पोरं मांडीवर, बाकीची आडवी. हललं तर उठतील, म्हणाल्या. साहेबांना दुसरा कार्यक्रम होता. शेवटी रिकाम्या खुर्चीलाच चादर पांघरली, हार घातला आणि फोटो काढले. मानपत्र मी वाचलं आणि मीच स्वीकारलं. पाच मिनिटांनी गुरप्पा येऊन खुर्चीवरची चादर घेऊन गेले. आत फरशी गार लागत होती म्हणे, पोरांच्या अंगाखाली घालायला.

मग मसालेभात, बुंदी. जो तो आपापलं पोर उचलून गेला. मॅनेजरसाहेब म्हणाले, छान बोलता हो तुम्ही, चला, चहा घेऊ. त्यांच्या गाडीतून सात रस्त्याला गेलो. ते माझ्या शैलीविषयी बोलत होते. अशा वेळी माणूस मधेच उठत नाही.

प्रियंकाचा फोन शेवटी साहेबांच्या मोबाईलवर आला. माझा सायलेंटवर. तिनं विचारलं, सृष्टी कुठाय? मी आत्मविश्वासानं सांगितलं, काकूंकडे. ती म्हणाली, आज रविवार आहे.

पोचलो तेव्हा हॉलला कुलूप. सगळीकडे ऊन उतरलेलं. काकू कट्ट्यावर बसलेल्या, सृष्टी मांडीवर झोपलेली. मंद्रूपची पिशवी शेजारी तशीच. मी ट्रॅफिकचं सांगायला लागलो. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला काही बोलता तरी आलं असतं. सृष्टीला अलगद माझ्या खांद्यावर दिलं, चादर घडी करून दिली आणि म्हणाल्या, ही तुमची. उद्यापासनं पोरीला आणू नका.

मंद्रूपला गेला नाहीत का, विचारलं. म्हणाल्या, पोरीला कुटं टाकून जाऊ?

सोमवार, २४ नोव्हेंबर

रजा टाकली. प्रियंका ड्यूटीवर गेली. हॉस्पिटलात नोटीस द्यायची की कसं, याविषयी ती आज बोलणार आहे. माझ्याशी बोलत नाही.

सकाळी ग्रुपवर काकूंची बाजू कशी एकांगी आहे ते सविस्तर लिहिलं. इंद्रजीतसकट सगळे बाहेर पडले. समितीत आता मी एकटा.

सृष्टीला वरणभात केला. तोंड उघडलं नाही. चमचा विमानासारखा फिरवला. तोंड उघडलं नाही. थोपटलं, झोपली नाही. भाषणातला एक भाग म्हणून दाखवला, तर कानावर हात ठेवले.

आता उन्हं कलल्यावर तिनं स्वतःच दप्तर पाठीला लावलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. काय गं, म्हटलं. म्हणाली, मला घरी न्यायला कोण येणार?

म्हटलं, बाळा, हेच आपलं घर. आणि मी आहे की इथे.

तिनं घर बघितलं, मला बघितलं, आणि जी रडायला लागली ती अजून रडते आहे.