पायाळू मायचा पाय आणि माझा घोटा

माय, आज दवाखान्यात एक बाई पोरीला घेऊन आली. पोरीचा घोटा सुजून टम्म झाला होता. "चोळलं का?" म्हणून विचारलं, तर बाईनं मान खाली घातली. मला तूच आठवलीस.

तू पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. पांढुर्ण्यात कोणाच्या कमरेत लचक भरली की तो आपल्या ओट्यावर येऊन बसायचा, तू संत्र्याच्या तोडीवरून परत येईपर्यंत. तू तीनदा हलकेच पाय लावायचीस अन् माणूस उठून चालायला लागायचा. त्या मानाचं तुला फार कौतुक होतं. मी नववीत असताना खो-खोत माझा पाय मुरगळला. तू पाय लावलास, गरम तेलानं रगडून चोळलंस अन् तिसऱ्या दिवशी मला मैदानावर धाडलंस. मग वर्षभर तो घोटा सपाट रस्त्यावरही वाकडा होत राहिला अन् तू दर वेळी नव्यानं चोळत राहिलीस. मला तुझा राग यायचा.

शेवटी आपण सौसरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर घोटा हलवून पाहतो आहे. हाडं धरून ठेवणारा बंध फाटला होता, जुळायच्या आतच चोळून-चालवून सैल झाला, असं सांगतो अन् विचारतो, "मालिश किसने की?" मागच्या बाकावर आपल्याच गल्लीतल्या दोघी बसल्या आहेत, तुझा पाय लावून घेतलेल्या. मी खोटं बोलणारच होती. तू म्हणालीस, "म्या केली. माह्याच्यानंच बिघडलं. आता काय करू, ते सांगा."

तीन महिने रोज त्या एका पायावर उभं राहून तोल सावरायचा, नाहीच जमलं तर नागपूरला ऑपरेशन, असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तूही लुगडं खोचून माझ्यासमोर एका पायावर उभी. डुलायचीस तूच जास्त. "माह्याकडं पाहून हासून काय राहिली? भिंतीकडं पाह्य." ओट्यावर कोणी आलं की तिथूनच सांगायचीस, "कमरेचं असंल तर बस. घोट्याचं असंल तर सौसरची गाडी पकड." लोक कुजबुजले, ओटा रिकामा होत गेला, पण तू बोल फिरवला नाहीस. ऑपरेशन लागलं नाही. दहावीत मी पुन्हा खो-खो खेळली.

आता मी हेच काम करते, माय. घोटे बांधते, पोरींना एका पायावर उभं करते. आज त्या बाईला म्हटलं, "माझा घोटा माझ्या मायनंच चोळून बिघडवला होता, अन् तिनंच उभा केला." तशी ती वर पाहून म्हणाली, "म्या चोळलं, मॅडम."

तू गेलीस, आता हा कागद कुठं पाठवणार, ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगून टाकते. हा किस्सा मी शिकाऊ पोरींना नेहमी सांगते. आजपर्यंत त्यात तुला 'गावातली एक बाई' म्हणत आली.