खंडेनवमीला म्यानाबाहेर

पणदरे,
दसरा, दुपार

तीर्थरूप दाजींच्या पायी मानसिंगचा दंडवत.

सोबत आपट्याचं पान घातलंय, सोनं समजून घ्या. तुमचा गुडघा कसाय? अक्काचं बीपी गोळीनं उतरलं का? नवी म्हैस दोन्ही येळंला दूध देती न्हवं? हितं सगळी खुशाल हाईत, मला सोडून. फोन न करता पत्र का, तर फोन ऐकत्यात म्हणं. वाचलं की चुलीत घाला. (गॅसवर धरू नका, अक्का बोलंल.)

माझा नाद तुमाला ठावाच हाय. जुन्या फौजी सुऱ्या आन् त्यांची चामड्याची म्यानं. कुकऱ्या, संगिनी मिळून अकरा नग. त्यातली एक संगीन आज्यानं पलटणीतनं आणलेली, बाकी दहा जुन्या बाजारातनं मीच येड्यावानी हुडकून आणल्या. म्यानांना दर महिन्याला तेल चोळतो. (आमची बायको, स्वरूपा, म्हणती, एवढं माझ्या आईच्या गुडघ्याला चोळलं असतं तर ती पळाली असती.) पण सगळं कपाटात, कुलपात हुतं. कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

तर काल खंडेनवमी. मी ट्रॅक्टरचा टायर आणाय बारामतीला गेलो हुतो. हिकडं आईनं, म्हंजे तुमच्या सासूबाईंनी, विळं, खुरपी, ट्रॅक्टरचं पानं, कुऱ्हाड अशी पूजा मांडली आन् किल्ली हुडकून माझं कपाट उघडलं. हत्यार ते हत्यार, त्याला वरसाची पूजा नको व्हय? पण देवाला चामडं चालत न्हाय, म्हणून म्यानं काढून गोठ्याच्या पत्र्यावर टाकली, आन् अकराच्या अकरा नागडी पाती पाटावर मांडून वर हळदीकुंकू, झेंडूची फुलं! स्वरूपानं फोटो काढून स्टेटसला ठेवला, ‘आमच्या घरची शस्त्रं’. त्र्याण्णव जणांनी बघितला. त्यात आमच्या बीटचं हवालदार अविराज साहेब. त्यांनी नुस्ता एक अंगठा पाठवला. दाजी, त्या अंगठ्याचा अर्थ काय धरायचा? मागनं फोन आला, उद्या घरीच ऱ्हावा, येतो.

नऊ इंचाच्या वर पातं असलं की लायसन लागतंय, असं संदेश म्हणतो. (त्याचं सलून हाय, पण कायदा तिथंच जास्त कळतो.) स्वरूपाच्या शिलाईच्या टेपनं आज्याची संगीन मोजली. अकरा भरली. परत मोजली, अकरा. तिसऱ्यांदा देवाचं नाव घेऊन मोजली, तरी अकराच. तवापास्नं दारात मोटारसायकल वाजली की मी मोरीत. बाकी दहा नेल्या तर नेऊ द्यात, पण आज्याची संगीन ठाण्यात गंजत पडली तर वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू? म्हणून सगळा बंदोबस्त केलाय. आता घरात एक पातं न्हाय. तुमी काळजी करू नका.

तुमचा मेहुणा,
मानसिंग

ता.क. सकाळी विशालच्या दुधाच्या टेम्पोतनं सरकी पेंडीचं पोतं धाडलंय. म्हशीला घालू नका. तुमी पडला गावचं पोलीसपाटील, तुमच्या घराची झडती कोण घेतंय?

आणखी एक. पत्राला डिंक लावायच्या आत हवालदार येऊन गेलं. हातात कायतरी हुतं, मला वाटलं वॉरंट. आपट्याची पानं निघाली. त्यांच्या आज्याची बी एक संगीन हाय, तिला म्यान न्हाय, आपली म्यानं मापाला बघायची हुती, एवढंच. पण त्ये त्यांनी तोंडातनं काढायच्या आधीच मी सगळं ओकून बसलो हुतो, माझ्याकडं काय न्हाय, सगळं दाजींकडं, पेंडीच्या पोत्यात. उद्या इंदापूरला जायचंच हाय, धाच्या सुमाराला पाटलांकडं डोकावतो, म्हणालं. हौसेनं का ड्युटीवर, हे विचारायचा धीर झाला न्हाय. तुमी विचारा. हे पत्र विशालच्याच सांजच्या टेम्पोतनं धाडतोय, म्हंजे त्यांच्या आधी पोचंल.

शेवटचं. आज्याची संगीन तेवढी पोत्यातनं काढून अक्काच्या साड्यांच्या घडीत सरकवा. अक्काला मातूर सांगू नका. भित्री हाय ती, माझ्यासारखं काळीज न्हाय तिचं.